शिंपण्याची सबब

ठिबकच्या धंद्यातल्या माणसाने दिवाळी अंकात लिहावं असं काय असतं, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही बोलता तसंच लिहा. मी बोलतो तसं लिहिलं तर त्यांच्या निम्म्या जाहिराती बंद होतील, म्हणून जरा बेताने लिहितो.

काम सांगायला सोपं आहे. झाडाच्या बुंध्यापासून थोडं लांब, जिथे पाणी पिणारी बारीक मुळं असतात तिथे, थेंब थेंब पाणी पडेल अशा काळ्या नळ्या मी लोकांच्या बागेत अंथरतो. आता गुडघे कुरकुरायला लागलेत, त्यामुळे अंथरायला माणसं असतात आणि मी नुसता ओरडायला असतो. घर आणि दुकान आंजर्ल्याला. गिऱ्हाइकं दापोली तालुक्यात जास्त, पण बोलावणं आलं तर रत्नागिरीपर्यंत जातो. मुंबईचे पाहुणे विचारतात, कोकणात एवढा पाऊस पडतो, तुम्हाला पाणी वाचवायचं कसलं दुखणं? त्यांना मी म्हणतो, वैशाखात या आणि मग बोला. पाऊस पडतो खरा, पण आमचा जांभा दगड म्हणजे चाळण. पडलेलं पाणी झिरपून समुद्राला जाऊन मिळतं आणि शिमगा झाला की विहिरीत वाकून बघायची वेळ येते.

त्यामुळे दिवाळीनंतर जमिनीतली ओल उतरली की आमच्याकडे नारळी-पोफळींना पाणी घालायला सुरुवात होते, ती पावसाळा तोंडावर येईपर्यंत थांबत नाही. याला शिंपणं म्हणतात. ज्याच्या घरी शिंपणं, तो माणूस बांधलेला. पोफळ नाजूक जात, ऐन उन्हाळ्यात तहानली की मान टाकते आणि एकदा शेंडा गेला की संपलं. म्हणून शिंपण्याचा माणूस लग्नाला गेला तरी अक्षता टाकतो, जेवतो आणि निघतो. मुक्कामाला राहत नाही, आणि त्याला कोणी राहा म्हणतही नाही. तब्येत बरी नाही म्हटलं तर लोक काय झालं म्हणून विचारतात, सुट्टी नाही म्हटलं तर नाक मुरडतात. पण ‘शिंपणं आहे’ म्हटलं की विषय मिटला. पुढे कोणी बोलत नाही.

आता आमची आणखी एक गंमत सांगतो. कोकणी माणूस शेजाऱ्याशी बांधावरून पिढ्यान् पिढ्या भांडेल, पण घरच्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. ते काम आमच्याकडे शिंपणं करतं. मी ठिबक विकत गावोगाव फिरलो, पाणी वाचवा, कष्ट वाचवा म्हणून घसा कोरडा केला. आणि हे करताना लोकांची ही सोय मोडत चाललोय, हे माझ्या टाळक्यात शिरायला एका गुरुजींची गाठ पडावी लागली.

गुरुजी आतल्या गावचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरामागे पोफळी, केळी आणि थोडं जायफळ. त्यांच्या बाईंनी हट्ट धरला म्हणून त्यांनी ठिबक बसवून घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यात बाग अशी हसली की मी इतर गिऱ्हाइकांना ती दाखवायला नेऊ लागलो. गुरुजी मात्र दर वेळी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून चहा पुढे करत. शेवटी एकदा बाई आत गेल्यावर हळूच म्हणाले, ‘हे तुमचं कधी बिघडत नाही का हो?’ मी छाती फुगवून म्हटलं, छे, नाव नको. त्यांचा चेहरा पडला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाईंना भाऊ बरेच, भावांना मुलं बरीच, आणि सगळ्यांची कार्यं नेमकी उन्हाळ्यात. इतकी वर्षं बाई एकट्या माहेरी जात आणि गुरुजी शिंपण्याच्या नावावर घरी राहून दुपारचे पंख्याखाली पेपर वाचत पडत. ठिबक आलं आणि त्या एका मोसमात त्यांना लग्नं, साखरपुडे, एक बारसं आणि मेव्हण्याच्या नव्या जागेची वास्तुशांत, सगळीकडे फेटा बांधून बसावं लागलं. हल्ली बाजारात मी दिसलो तर ते रस्ता ओलांडतात.

याच्या उलट रत्नागिरीजवळच्या सड्यावरचे एक साहेब. सडा म्हणजे उघडा कातळ, त्यावर वीतभर माती. तिथे त्यांनी बंगला बांधून पुढे हिरवळ लावली होती आणि कडेने गुलाब. पाणी ते भर दुपारी फवाऱ्याने घालत, कारण उन्हात झाडांनाही गरम होत असेल असं त्यांना वाटे. त्यातलं निम्मं पाणी जमिनीवर पडायच्या आत हवेत जायचं. मी सांगितलं, पाणी घालायचं ते उजाडताना, नाहीतर ऊन पूर्ण उतरल्यावर. दुपारी पानं मलूल होतात ती दर वेळी तहानेनेच होतात असं नाही, ती उन्हापासून अंग चोरतात. संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर पाणी नको. शंका आली तर मातीत बोट घाला, पेरभर खाली ओल लागली तर बोट पुसून घरात जा. आणि झाडाखालचा पातेरा, म्हणजे सुका पाला, रोज झाडून जाळता तो झाडाच्या पायाशीच पसरा, ओल टिकते. साहेब म्हणाले, पातेऱ्याने साप येतात, आणि बोटाने बघणं काही शास्त्रशुद्ध नाही. त्यांनी परदेशातून ओल मोजायची सळई मागवली आणि फोनवरून चालणारा पंप बसवला. मग दूरच्या गावी लेकीकडे गेले असताना तिथून रोज फोनवरून बागेला पाणी सोडत राहिले. मधली मोठी नळी निसटून कुंपणाबाहेर पडली होती. परत आले तेव्हा गुलाबांच्या काड्या झालेल्या आणि कुंपणाबाहेरच्या खोलगट जागेत वाडीतली म्हैस चिखलात डोळे मिटून बसलेली. मी म्हटलं, पाणी वाया गेलं नाही हेही काही कमी नाही. त्यांना ते आवडलं नाही.

असे नग बरेच सांगता येतील, पण लिहायला बसलो ते केळशीच्या काकींसाठी.

काकींचं घर साधं, दोन खोल्या आणि ओटी, पण पाठीमागे नारळी-पोफळींचं लांबलचक आगर. काका गेल्यापासून त्या एकट्याच. विहिरीवरचा पंप लावायचा, पाटाने पाणी सोडायचं, मातीचा लगदा पायाने सारून ते एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवायचं आणि जिथे पाट पोचत नाही तिथे कळशीने घालायचं, असं त्यांचं शिंपणं. मुलगा विनय डोंबिवलीला. नोकरी चांगली, बायको चांगली, एक मुलगी कॉलेजात. मुलगा वाईट असता तर गोष्ट सोपी होती. पण हा रोज फोन करणारा, गावी आला की आईचे पाय चेपणारा. दर वर्षी म्हणायचा, आई, आता चल, एकटी राहू नकोस. काकी म्हणायच्या, येईन रे, पण शिंपणं आहे. पावसाळ्यात विचारलं तर पावसात घाट नको म्हणायच्या, आणि पाऊस गेला की शिंपणं सुरू व्हायचं.

विनयने सरळ विचार केला. आईची अडचण शिंपण्याची आहे, तर शिंपणंच काढून टाकू. त्याने मला फोन करून सांगितलं, दत्ताभाऊ, पूर्ण आगराला ठिबक करा, हात आखडू नका. मी बसवून दिलं, आणि छान बसवलं. मला हेही ठाऊक होतं की ठिबक बसल्यावर पुढे काय होतं. आंजर्ल्यापासून केळशीपर्यंत माझ्या नळ्यांवर हिरव्यागार राहिलेल्या कितीतरी बागा आहेत ज्यांच्या घराला कुलूप आहे. शेजारचा कोणी येऊन पंपाचं बटण दाबून जातो, नारळ उतरवले की पैसे मुंबईला जातात, ओटीवर पातेरा साचत राहतो. त्या बागांजवळून जाताना मला आधी अभिमान वाटायचा, आता वाटेत गाडीचा वेग वाढवतो.

काकींच्या आगरातलं ठिबक मात्र पहिल्या महिन्यापासून चालेना. विनयचा फोन यायचा, आई म्हणते पाणीच येत नाही. मी जायचो, बघतो तर थेंब पडायची भोकं चिखलाने बुजलेली. विहिरीत गाळ असेल म्हणून मी गाळणी बदलली. पुन्हा फोन. आणखी मोठी गाळणी आणली. पुन्हा फोन. माझं डोकं चालेना. केळशीच्या नाक्यावर लोक मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायला लागले, दत्ताचं ठिबक काकींकडे टिकत नाही हो. धंद्यात हे असं पसरलं की संपलं. काकी मात्र दर वेळी कोकम सरबत द्यायच्या आणि म्हणायच्या, तुझा दोष नाही रे, पाणीच तसलं.

एका सकाळी दुसऱ्या कामाला जाताना मी न सांगता त्यांच्याकडे वळलो. आगरात शिरलो तर माझ्या सगळ्या नळ्या गुंडाळून, सुंभाने नीट बांधून, गोठ्याच्या खुंटीला टांगलेल्या. आणि काकी पदर खोचून पाटातला चिखल पायाने सारत होत्या. मला बघून त्या तसूभर लाजल्या नाहीत. म्हणाल्या, आलास ते बरं झालं, त्या पलीकडच्या कोपऱ्यातल्या पोफळींना जरा कळशी घाल. मी घातली. दुसरं काय करणार?

नंतर ओटीवर बसल्यावर मी विचारलं, काकी, म्हणजे हा चिखल तुम्हीच भरत होतात? त्यांनी सरबताचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘अरे मेल्या, हे चाललं तर मी त्याला काय सांगू?’

मला राग यायला हवा होता. माझी अब्रू त्यांनी चिखलात घातली होती, तीही अक्षरशः. पण त्यांनी हे इतक्या सहज विचारलं की मला हसू आलं, आणि मग वाईट वाटलं. मी म्हटलं, तुम्हाला जायचं नाही तर सांगा ना त्याला तसं. त्या म्हणाल्या, असं कसं सांगणार, तो इतकं प्रेमाने बोलावतो. मी सरबत संपवलं आणि विनयला फोनवर सांगितलं की केळशीच्या पाण्यात दोष आहे.

पण दोष मग खरंच निघाला. त्याच वैशाखात काकींनी मला आपणहून बोलावलं. त्यांनी तांब्याभर पाणी पुढे केलं आणि म्हणाल्या, पिऊन बघ. मी घोट घेतला, मचूळ. समुद्राकाठच्या विहिरींचं हे असतं. वर गोड पाणी, खाली खारं. उन्हाळ्यात झरे बारीक होतात, आणि पंप लावून भराभर उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं. पाटाने शिंपायला पाणी फार लागतं. काकी ते दर वर्षीप्रमाणे उपसत होत्या, पण त्या वर्षी विहीर दर वर्षीइतकी भरली नव्हती. पोफळींच्या पानांची टोकं जळल्यासारखी करपायला लागली होती. आणखी पंधरवडा असंच चाललं असतं तर निम्मं आगर गेलं असतं.

काकी पाटाच्या कडेला बसल्या. एरवी त्या कामाशिवाय बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘बाग मेली तर मी इथे कशाला राहते म्हणून तो विचारील. आणि तुझं ठिबक चाललं तरी तेच विचारील. तूच सांग आता.’

मी विहिरीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मग मला सुचलं. खुंटीवरच्या नळ्या पुन्हा अंथरल्या, आगराचे चार भाग केले आणि प्रत्येक भागाला एक कॉक बसवला, हाताने फिरवायचा. सकाळी एक कॉक उघडायचा, थोडा वेळ पाणी द्यायचं, बंद करून विहिरीला दम खाऊ द्यायचा, मग दुसरा उघडायचा. असं चारही भागांचं. पाणी कमी उपसलं जातं, खारं वर चढत नाही आणि मुळांना हवं तेवढं मिळतं. काकींनी सगळ्या आळ्यांतून पातेरा आणि नारळाच्या सोडणांचे, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालींचे, तुकडे पसरले. थोड्या दिवसांनी विहिरीचं पाणी पुन्हा पिण्यासारखं झालं आणि पोफळींना नवीन पातं फुटलं तेव्हा काकींनी मला घावन आणि नारळाचं दूध खायला बोलावलं. उपाय शास्त्राला धरून होता, कुठल्याही माणसाने तपासून बघावा. फक्त एक गोष्ट होती. ते चार कॉक आपोआप उघडणारं-मिटणारं यंत्रही मिळतं आणि ते माझ्या दुकानात काचेमागेच ठेवलेलं होतं. ते मी दाखवलं नाही. गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय महागाची वस्तू पुढे करू नये, हे माझं तत्त्व त्या दिवशी तयार झालं.

विनयला काकींनी सांगितलं, दत्तूचं ठिबक आता उत्तम चालतं, पण त्याला रोज माणूस लागतं. विनयने मला विचारून खात्री करून घेतली. मी म्हटलं, हो, रोज. ही सबब आधीच्या शिंपण्यापेक्षा भक्कम होती, कारण ती खरी होती. काकींचे कष्ट निम्म्याहून कमी झाले, नाक्यावर माझं नाव पुन्हा चांगलं झालं आणि दोन उन्हाळे सुखात गेले.

यंदा मे महिन्यात विनय आला तो एक खोकं घेऊन. मला बोलावून घेतलं. ओटीवर काकी विळीवर फणस कापत बसल्या होत्या, हात तेलाने माखलेले. विनयने खोकं उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. आत तेच यंत्र, माझ्या दुकानातल्यापेक्षा भारी. तो म्हणाला, दत्ताभाऊ, यावर चारही कॉक आपोआप फिरतात, तुम्हाला ठाऊक नसेल. मी ठाऊक नसल्याचा चेहरा केला. मी म्हटलं, इथे विजेचा काही भरवसा नाही. तो म्हणाला, यंत्र बॅटरीवर चालतं आणि पंपाला त्याने इन्व्हर्टरही सांगून ठेवलाय. मी म्हटलं, उंदीर नळ्या कुरतडतात, कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. तो म्हणाला, तुम्ही आहात ना, महिन्याचं काय ते ठरवू. मी काकींकडे बघितलं. माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं. विनय आईला म्हणाला, ‘आता तरी चल ना गं. आता बागेला तुझी गरज नाही.’

तो हे लाडाने बोलला होता. त्याला वाटत होतं आपण आईला सोडवतोय.

काकींनी फणसाची फोड परातीत ठेवली. म्हणाल्या, ‘विनय, बाग राहू दे बाजूला. मला नाही यायचं.’

आमच्या भागात जन्म काढला, पण आईने मुलाला असं सरळ सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मला उठून जावंसं वाटलं आणि उठताही येईना, कारण खोकं माझ्या मांडीवर होतं. विनय गडबडला. म्हणाला, पण तू तर नेहमी शिंपण्याचं म्हणायचीस. काकी म्हणाल्या, ‘म्हणायचे. तुला वाईट वाटू नये म्हणून. पाणी काय, हा दत्तू घालील, ते यंत्र घालील. मला इथे राहायचंय म्हणून मी राहते.’

विनयने विचारलं, आमचं काही चुकलं का? पन्नाशीचा माणूस, पण आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. काकी म्हणाल्या, चुकलं काहीच नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. ‘मागे येऊन राहिले होते तेव्हा बघितलं, तुझ्या घरी सगळे माझं इतकं बघता. मी उठले की कोणीतरी म्हणतं, आई बसा. भांडं उचललं की म्हणतं, ठेवा, बसा. दिवसभर मी बसलेली. इथे मला बसा म्हणणारं कोणी नाही रे.’

विनय माझ्याकडे वळला. म्हणाला, आईला नाही, मला, कदाचित माझ्याशी बोलणं सोपं असेल म्हणून: बिल्डिंगमध्ये, ऑफिसात, सासुरवाडीला, सगळे विचारतात, आईला एकटीला गावी का ठेवलंय? तो सांगायचा, आमचं शिंपणं आहे ना, ती कशी येणार. आता काय सांगू? त्याचे डोळे भरून आले होते. मला इतकी वर्षं वाटत होतं की शिंपण्याच्या मागे काकी एकट्याच लपल्यात.

काकींनी हाताचं तेल फडक्याला पुसलं आणि मला म्हणाल्या, दत्तू, बसव ते यंत्र. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या म्हणाल्या, बसव की, इतके दिवस त्याच्या भीतीने चिखल कालवत होते, आता कसली भीती? काका गेल्यापासून उन्हाळ्यात एक रात्र बाहेर राहिले नाही. नातीचं कॉलेज कधी बघितलंही नाही. मग विनयला म्हणाल्या, आठ दिवस येते, पाहुणी म्हणून. पाहुणीला बसा म्हटलं तर चालतं. नेतोस ना? विनय हसला आणि त्याच वेळी त्याने नाक पुसलं, आणि मग उठून आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

यंत्र मी त्याच दिवशी बसवलं. दोघं डोंबिवलीला गेले, फणसाचे गरे घेऊन. जाताना काकींनी मला बजावलं, मी आले की सगळी झाडं जागेवर हवीत. आणि इथे माझी खरी परीक्षा सुरू झाली. माणूस न लागणारं यंत्र मी आजवर कितीतरी ठिकाणी बसवलं आणि पाठ फिरवून घरी गेलो. या वेळी मात्र मला झोप लागेना. सकाळ झाली की मी गाडी काढून केळशीला. यंत्र बरोबर चालायचं, एक कॉक मिटायचा, दुसरा उघडायचा, आणि मी मागून प्रत्येक पोफळीच्या आळ्यात बोट घालत जायचो. बायको म्हणाली, पगार लावून घ्या काकींकडे. उंदराचं मी थाप म्हणून सांगितलं होतं, तर एके दिवशी खरंच एक नळी कुरतडलेली सापडली, आणि मला इतका आनंद झाला की मी ती दुरुस्त करायला उगाच अर्धा दिवस लावला.

काकींचा रोज फोन यायचा. मी झाडांचं सांगायचो, त्या नातीचं सांगायच्या. नातीने त्यांना मॉलमध्ये नेलं, तिथला सरकता जिना त्यांना आवडला, सून रोज त्यांच्याकडून घावन करून घेते. आवाज खुशीत होता. मला मधेच वाटायला लागलं, आता या राहतात. बागेला त्यांची गरज नव्हती, मुलाला होती आणि तिकडे त्यांचं बरं चाललेलं. सबब तर त्यांच्याकडे एकही नव्हती, आणि सबब नसताना आपल्याकडचं माणूस ‘नाही’ म्हणण्यावर किती दिवस टिकणार, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आठ दिवस झाले तसा संध्याकाळी विनयचा फोन आला. म्हणाला, दत्ताभाऊ, आई उद्याच्या एसटीने निघतेय, तुम्ही स्टँडवर जाल का? मी म्हटलं, जातो. तो म्हणाला, अजून थोडे दिवस राहा म्हणून आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं, पोरगी तर रडायलाच लागली. मी विचारलं, मग काय म्हणाल्या?

‘काही नाही,’ विनय म्हणाला. ‘मला घरी जायचंय, म्हणाली. मी बरं म्हटलं आणि खिडकीजवळची जागा बघून तिकीट काढून दिलं.’